जपानी मोगरा, इटालियन समुद्र

नाव शोधण्यात माझा हात धरणारं कुणी लंडनच्या अख्ख्या ईलिंगमध्ये नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते! बाकीचे लोक आदल्या वर्षी दुसऱ्याने ठेवलेलं नाव एक अक्षर बदलून उचलतात.

माझ्या धाकट्या भावाला, सतीशला, ब्रिस्टलमध्ये मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. माझं नाव शाल्मली, पण माझ्या दवाखान्यातले पेशंट मला 'डॉक्टर शेली' म्हणतात. भाचीचे असे हाल नकोत म्हणून मी जगात कुठेही चालेल असं नाव काढलं: मारिनो! इटालियनमध्ये अर्थ समुद्राचा. जपानीत काय, ते मैत्रिणीला, हिरोकोला विचारलं. ती म्हणाली, ज्या अक्षरांनी लिहाल तसा अर्थ. मग काय, मेथीची जुडी निवडावी तशी मी मोगऱ्याची अक्षरं निवडली.

नाव आधी फुटू नये म्हणून सतीशलाही सांगितलं नाही. त्यातच आईचा व्हिसा रखडला, हॉल मिळेना, आणि बारसं गेलं थेट तिसऱ्या महिन्यात.

बारशाला पाळण्यात वाकून मी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत दणादण बुक्के घातले. मग मी नाव जाहीर केलं आणि समुद्रापासून मोगऱ्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं.

तेवढ्यात सतीशचा इटालियन शेजारी ब्रुनो डोळे पुसत आला आणि माझे हात धरून बसला. त्याच्या खाटीक काकांचं नाव मारिनो होतं म्हणे. पोटापर्यंत दाढी होती. इतक्या दूरच्या लोकांनी काकांची आठवण ठेवली, म्हणून बिचारा गहिवरला होता.

"ताई, हे पुरुषाचं नाव आहे?" सतीशने विचारलं.

"जपानमध्ये मुलीचंच असतं," मी म्हटलं. माझ्यासोबत आलेल्या हिरोकोने मान डोलावली, पण तोवर हॉलभर खसखस पिकली होती. आता हे काका पोरीला जन्मभर चिकटणार! नाव बदलायला मी पुन्हा पाळण्याकडे धावले.

मीनलने, माझ्या भावजयीने, मला अडवलं. "राहू द्या ताई. इथे सहा आठवड्यांत जन्म नोंदवावा लागतो, आणि तुम्ही तर नाव सांगायलाच तयार नव्हता. आम्ही कधीच नोंदवलं. नीना."

ब्रुनो खूश. इटलीत घरोघरी नीना म्हणे, आणि सगळ्या बायकाच! हिरोकोही म्हणाली, जपानमध्येसुद्धा मुलींचं नाव असतं.

मी चिडून अर्थ विचारला. तो मीनलने बघितलाच नव्हता, हाक मारायला सोपं वाटलं म्हणून ठेवलं.

"अगं, मग मी एवढे बुक्के कशाचे खाल्ले?"

"ती पद्धत आहे ना, ताई."