दम्याचा बदली कामगार

तुम्हीच सांगा, आपला दमा रोज सकाळी सात ते दुपारी तीन दुसऱ्याच्या हवाली करायचा झाला, तर माणसाने विश्वास कुणावर टाकावा? नातेवाइकावर टाकू नये, एवढं मी आधीच सांगतो. सख्ख्या मेव्हण्याकडे मी एकदा नुसती छत्री ठेवली होती.

आमच्या गावच्या कागद गिरणीतल्या निवृत्त कामगारांनी तो युनियनवर टाकला. आजाराला बदली कामगार द्यायची पद्धत आमच्याकडे तीन वर्षांपासून आहे. गिरणीत कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी बदली उभा राहायचा, तसंच हे. दमा शेवंताक्काचा. तिने सातला युनियनच्या ऑफिसात येऊन आपला पितळी बिल्ला टेबलावर ठेवायचा आणि तिच्या बदली भिवा ऐवळेने तो उचलायचा. उचलला की अक्काचा श्वास मोकळा व्हायचा आणि भिवाची छाती शिट्टी वाजवायला लागायची. तीन वाजता उलट.

कारण साधं होतं, विम्याचा हप्ता. शेवंताक्काचं वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं गिरणीत कागदासाठी आलेल्या चिंध्या झटकल्या. पेन्शन महिन्याला एकवीसशे आणि दम्यासकट हप्ता वर्षाला बावन्न हजार. भिवा एकसष्ट वर्षांचा, ठणठणीत. त्याचा हप्ता नऊ हजार, तो वर्गणी काढून भरला. विमा कंपनीचा नियम असा की आजार ज्याच्या अंगात, खर्च त्याच्या नावावर. म्हणून डॉक्टर, औषध, वाफारा, सगळं भिवाच्या पाळीत उरकायचं. कंपनीचे कुलथेसाहेब तपासणीला आले, बिल्ला उचलताना पाहिला, छातीला कान लावला, फॉर्मवर 'योग्य' असं लिहिलं आणि चहा पिऊन गेले.

हजेरीचं मस्टर माझ्याकडे. मी गिरणीतला नव्हे. माझं वजनकाट्यांचं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली, पुढचं काट्याने शिकवलं. एकदा दोन भाऊ बापाची राख वाटून घ्यायला माझा काटा घेऊन गेले होते आणि दोघेही समाधानाने परत आले. तेव्हापासून गावात कुणाचं कुणाशी पटेना की वही माझ्याकडे येते.

भिवा या कामाला ऑगस्टच्या मध्यात लागला होता. मार्चअखेर मी त्याच्या हजेरीची बेरीज मारली. दोनशे एकतीस. तसाच उठून युनियनचे सेक्रेटरी तातोबा हुलवान यांच्याकडे गेलो.

"तातोबा, भिवाचे दोनशे चाळीस भरत आले."

तातोबा खुर्चीतून उठलेच. "काय सांगताय अण्णा! मग मागणीपत्र द्यायला पायजे!"

"कसलं मागणीपत्र?"

"कायम करायचं! बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले की बदलीला कायम करायचं, ह्यो आमचा करार हाय."

"अहो, पण कशात कायम? दम्यात?"

"ज्या जागेवर बदली, त्या जागेवर कायम. त्यात काय इचारायचं?"

मी व्यापारी माणूस, मला सोपी वाट दिसत होती. म्हटलं, "दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी त्याला एक दिवस घरी बसवा. ब्रेक द्या. मोजणी पुन्हा एकपासून सुरू होईल."

ऑफिसात कॅरम चालला होता, तो थांबला.

"तुम्ही आपले म्हणून ऐकून घेतलं," तातोबा हळू आवाजात म्हणाले. "ही मालकाची चाल हाय अण्णा. तीस वर्षं मालकानं ह्याच दिवशी आमची पोरं घरी बसवली. त्यापायी सत्तेचाळीस दिवस संप केला आम्ही. आन् आता आम्हीच ब्रेक द्यायचा?"

कपाळाला हात लावून मी भिवाकडे गेलो. तो पाळी संपवून, तोंड धुऊन पायरीवर बसला होता.

"भिवा, उद्यापासून चार दिवस बहिणीकडे जा. नाहीतर हा दमा तुझ्या गळ्यात कायमचा पडेल."

"ठावं हाय," तो म्हणाला. "अण्णा, गिरणीत मी एकोणतीस वर्षं बदलीच राहिलो. सोळा ब्रेक खाल्ले. बायको मरेपर्यंत इचारायची, कायम कधी हुणार? एकदा कायम व्हायचंय मला."

"अरे पण दम्यात?"

"कशात का असंना. तुम्ही हाय ते लिवा."

दोनशे चाळिसाव्या दिवशी तो पावणेसातलाच आला. पेन माझ्या हातात होतं. खाडा लिहिला असता तरी कुणी वही तपासली नसती. मी 'हजर' लिहिलं.

मागणीपत्र गेलं आणि आठ दिवसांत विमा कंपनीचा आदेश आला: 'श्री. भिवा ऐवळे यांना दम्याच्या जागेवर तिन्ही पाळ्यांसाठी कायम करण्यात येत आहे.' वीस वर्षांत युनियनची ही पहिली मागणी मान्य झाली. गुलाल उडाला, पेढे वाटले, भिवाला खांद्यावर घेतलं. आदेशाच्या खाली बारीक अक्षरात होतं, की कायम आजाराचा हप्ता बावन्न हजार राहील. मी ते तातोबांना वाचून दाखवलं.

"त्यासाठी येगळा मोर्चा काढू," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

दुसऱ्या दिवशी शेवंताक्का ऑफिसात आली. चार जिने चढल्यासारखा तिचा चेहरा रागाने लाल, पण श्वास अगदी संथ.

"माझा दमा मला परत द्या."

"अक्का, कायम माणसाला काढता येत न्हाई," तातोबा म्हणाले. "त्यासाठीच तर भांडलो."

"चाळीस वर्षं चिंध्या झटकून कमावलाय म्या त्यो! कुणाला इचारून वाटला? ह्या लेकराचा जीव जातोय हितं, आन् तुम्ही पेढं खाताय, मुडद्यांनो!"

भिवा कोपऱ्यात बसला होता, फ्रेम केलेला आदेश मांडीवर घेऊन. "ऱ्हाऊ... द्या... अक्का," तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला एक श्वास लागला.

आठवड्याने कुलथेसाहेबांचं पत्र आलं, की कायम कामगाराला साप्ताहिक सुट्टी देणं बंधनकारक आहे. गुरुवारी भिवाच्या जागी बदली कोण? तातोबांनी सभासदांची यादी काढली. बाकी सगळे सत्तरीच्या पुढचे, प्रत्येकाचा हप्ता तुळईला टेकलेला. यादी संपल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. मी अठ्ठावन्नचा. गुरुवारी माझं दुकान बंद असतं. शिवाय तो दोनशे चाळीसचा आकडा माझ्या अक्षरातला आहे.

मी बिल्ला उचलला. तो वजनाला अठरा ग्रॅम आहे. उचलल्यावर तसं वाटत नाही.

आता गुरुवारी भिवा नदीवर पोहायला जातो. अक्का त्याला भाकरी बांधून देते आणि परत येऊन दिवसभर मला वारा घालते. तातोबांच्या सांधेदुखीसाठी सोमवार ते बुधवार माझं नाव सुचवलं गेलंय, बोलणी चालू आहेत.

पण स्वतःची हजेरी स्वतः लिहायची नाही, हा नियम. म्हणून हे मस्टर तुमच्याकडे आणलंय. नुसत्या गुरुवारांनी दोनशे चाळीस कुठले भरतात, असं म्हणाल. युनियनचं कुणी काही मान्य करणार नाही, असं मीही म्हणत होतो. माझा दोनशे चाळिसावा दिवस आलाच, तर माझी छाती ऐकून तुमचा हात अडखळेल. अडखळू देऊ नका. आलो असेन तर हजर लिहा, नसेन तर खाडा. एवढा हिशोब तेवढा खरा ठेवा.