हिरड्या बघणारे भावोजी

मंगळवारी सकाळी माझी बहीण सुमन म्हणाली, खांदा दुखतोय. अकरा वाजता ती गेली. हृदयविकाराचा झटका होता.

तेरावं झालं आणि माझे भावोजी, वसंत राणे, मुलुंडच्या आमच्या सोसायटीत लोकांच्या तोंडात बॅटरी मारून हिरड्या बघू लागले.

सुमनला संधिवात होता. डॉक्टर नंतर म्हणाले, अंगात वर्षानुवर्षं सूज राहिली तर ती सांध्यांपाशी थांबत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही धोका वाढतो. हिरड्यांच्या जुन्या सुजेचाही असा संबंध दिसतो. एवढ्या बोलण्यातून भावोजींनी 'सूज' उचलली आणि सुटले. शिक्षण आयटीआय, फिटर.

"आ कर. अजून मोठा. धुमसतंय रे आत! वाट लागणार तुझी."

लिफ्टमध्ये त्यांनी सेक्रेटरीबाईंनाही सोडलं नाही.

"राणे, माझी कवळी आहे हो!"

"मग काढा ना. हिरडी तर तुमचीच आहे."

शेजारच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचा ओठ स्वतःच्या अंगठ्याने वर केला. मुलाकडच्यांनी जेवणाआधीच रिक्षा बोलावल्या.

मी आयुष्य ग्रंथालयात काढलं. अर्धवट माहितीवर मिरवणारा माणूस मला सहन होत नाही. एकदा मी तोंडावर म्हणालो, "घरातलं दिसलं नाही, आता जगाची तोंडं बघत फिरताय." भावोजींनी बॅटरी खिशात घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "आ कर."

यंदा रोज सकाळी माझी बोटं सुजू लागली. सुमनचाच आजार. गोळ्या सुरू केल्या, भावोजींना सांगितलं नाही. त्यांचं प्रवचन कोण ऐकणार? पण एकदा ते आले, तेव्हा मी पेन्सिलीने पुस्तकाचं पान उलटत होतो. त्यांनी बॅटरी काढली नाही.

"सुमीसारखं?"

"हो."

"हृदय दाखवलंस?"

"बोटं दुखतायत, भावोजी. छाती नाही."

"तिचाही खांदाच दुखत होता, श्याम."

हृदयरोगतज्ज्ञाकडे त्यांनीच नंबर लावला. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. ते फरशीकडे बघत म्हणाले, "त्या सकाळी मी तिला शेक देत होतो रे. तव्यावर मीठ तापवून, पुरचुंडी बांधून. वातासाठी द्यायचो ना रोज, तसाच. तासभर दिला. मी विचारायचो, ती म्हणायची, बरं वाटतंय हो. शेवटपर्यंत बरं वाटतंयच म्हणत होती."

आतून माझं नाव पुकारलं. माझी फाईल त्यांनी छातीशी धरली आणि माझ्याआधी उठले.

माझं हृदय सध्या ठीक आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. आम्ही दोघं जातो.