सातव्या चंद्राचा सातबारा

सिनेमाला गेलेले हरिशेठ पूर्ण वेळ खुर्चीत बसलेत, असं मी कधी पाहिलं नाही. कडेचं तिकीट काढतात, सम्राट मरेपर्यंत कसाबसा धीर धरतात, आणि एकदा गादीचा वाद सुरू झाला की उठून पायऱ्यांवर येरझाऱ्या घालायला लागतात. मागून कोणी "अंकल, बैठो ना!" म्हणून ओरडलं, की अंधारातूनच उत्तर येतं, "बसतो रे! पयली वारस नोंद तर होऊ दे!"

हे मी स्वतः भोगलंय. तिकीट त्यांनी काढलं होतं आणि मला नाही म्हणता आलं नाही, कारण ते माझे घरमालक. कोपरखैरण्यात त्यांची चार मजली इमारत आहे, तिच्या तळाशी एका गाळ्यात मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आम्ही साताऱ्याकडचे, पोटापाण्यासाठी इथं आलेलो. ते मूळ इथलेच, खाडीकाठच्या गावातले आगरी. वडिलांची भातखाचरं शहर उभारायला सरकारनं घेतली, बदल्यात साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा, प्लॉट दिला. ही इमारत त्या प्लॉटवरची.

सिनेमाचं वेड मात्र त्यांना माझ्या गाळ्यात लागलं. 'सात चंद्रांची गादी' नावाचा तीन तासांचा इंग्रजी सिनेमा आला होता, एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला. सात चंद्र, सात घराणी, एक मेलेला सम्राट आणि ढिगानं अंतराळयानं. वर्ग सुटला की माझी मुलं अर्धा तास त्यावर भांडत. खरा वारस कोण, दिग्दर्शकानं पुस्तकातलं काय बदललं, का बदललं. खारघरहून येणारी ऋतुजा त्यांची पुढारी. तिनं ती कादंबरी चार वेळा वाचली होती आणि तसं ती दर पाच मिनिटांनी सांगायची.

एकदा हरिशेठ विजेचा मीटर बघायला आले आणि दारात उभे राहून ऐकत बसले. म्हणजे उभेच राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "ते सगलं ऱ्हाऊ दे. सातव्या चंद्राचा सातबारा कोनाच्या नावावर हाय?"

चार वेळा पुस्तक वाचलेली ऋतुजा पुन्हा पानं उलटायला लागली.

"बगा! मूल कागदच कोनी बगितला नाय, आनि निगाले युद्धाला!"

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. माझा पांढरा फळा त्यांनी बळकावला. लाल मार्करनं घराण्यांचे वंशवृक्ष काढले, आणि घराणं न म्हणता प्रत्येकाला 'भावकी' म्हणायचे. "ही पयल्या चंद्राची भावकी. हे चुलते. ह्यो दत्तक, पन दत्तकविधान झालेलं दिसत नाय." बोलताना पायाला भिंगरी. मार्करचं टोपण उघड-मीट, शटर अर्धं खाली, पुन्हा वर, तिसरीच खुर्ची ओढायची आणि तिच्यावरही बसायचं नाही. माझं डोकं उठायचं. "एवढी यानं उडवतात," ते म्हणायचे, "तलाठ्याकडं एक चक्कर मारली असती तर दुसरा भाग काढायची पालीच आली नसती!"

पण कादंबरी इंग्रजीत, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. "टीचर, तुमी वाचा आनि मना सांगा. डायरेक्टरनं कुठं लबाडी केलीय ते कललं पायजे." नऊशे पानं! मी रोज रात्रीचा स्वयंपाक उरकून वाचायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायची. मनात चडफडायची, पण सांगायची.

पाचशे पानांनंतर एक बाई सापडली. मेलेल्या सम्राटाची थोरली बहीण, नेरा. सातव्या चंद्रावर तिचाही वाटा होता. भावासाठी तिनं तो सोडला, कागदावर अंगठा उठवून दिला. सिनेमात ती नव्हतीच. तिची वाक्यं एका टक्कल पडलेल्या सेनापतीला देऊन टाकली होती.

"म्हंजे सम्राटाच्या पोराची आत्या," हरिशेठ म्हणाले. "आत्याला कापली?"

"काका, तीन तासांत सगळे कसे बसणार?" ऋतुजा म्हणाली. "ॲडॅप्टेशन आहे ते."

"टकल्याला जागा हाय आनि आत्याला नाय?"

"पण तिनं हक्क सोडला ना! मग स्टोरीत तिचं काही कामच उरत नाही."

हरिशेठनी तिच्याकडे पाहिलं. "काम उरत नाय," असं स्वतःशीच म्हणाले आणि मागवलेला चहा तसाच टाकून निघून गेले. वादातून त्यांनी असा पळ काढलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्या सुमारास त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या, एक तेवढी उरली होती. जिन्यात त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, मला गाठलं. हरिशेठना थोरली बहीण आहे, पारूबाय, उरणला मोरा गावात दिलेली, हे मला तेव्हा कळलं. ही इमारत उभी राहिल्यापासून तिनं इथं पाऊल टाकलेलं नाही.

"पोराचं नाव तिनंच ठेवलंय," सुमनताई म्हणाल्या. "हलदीला आत्या नको? पन हे सोता जात नाय, आनि दुसऱ्या कोनी गेलेलं चालत नाय. तारीक तर आली जवल. मी रोज इचारतंय, तर रोज त्या चंद्राचं काय तरी सांगतान."

रविवारी दुपारी हरिशेठ गाळ्यात आले. वर्गाला सुट्टी होती. दुसऱ्या भागाचं काम चालू झालंय असं मुलांकडून कळलं होतं, म्हणून दिग्दर्शकाला पत्र लिहायचं होतं. ते मराठीत सांगणार, मी लिहून घेणार आणि नंतर इंग्रजी करणार. मी वही उघडली. ते शटरपासून फळ्यापर्यंत फेऱ्या मारायला लागले.

"लिवा. डायरेक्टरसायेब, तुमची यानं चांगली हायत. युद्ध पन बरं हाय. पन आत्याला कापली हे चुकीचं केलं. तिच्या जिवावर त्या घराला गादी मिलाली. तिनं आंगठा दिला. आंगठा घेताना तिला कागद वाचून दाखवला नाय."

मी थांबले. "शेठ, पुस्तकात असं नाहीये. ती सगळं वाचून, राजीखुशीनं देते."

"लिवा तुमी. भाव बोलला, बाबांच्या नावाचा कागद हाय, निसती वारस नोंद हाय, आंगठा पायजे. ती बोलली, तू सांगतोस ना, मंग वाचायचं काय? कचेरीच्या भायेर भावानं तिला साडी दिली. हिरवी. ती हसली. बोलली, आज सन नाय, काय नाय, साडी कशापायी? भाव काय बोलला नाय."

माझं पेन चालेना. हक्कसोडपत्र करून घेतलं की बहिणीला साडी द्यायची, ही आमच्याकडचीही रीत आहे. माझ्या आईलाही एक मिळाली होती. मला एकदम या माणसाचा राग आला.

"नंतर तिला कललं," ते फळ्याकडे तोंड करून म्हणाले. "भांडली असती तर बरं झालं असतं. ती यायची बंद झाली."

"पुढं काय लिहू?"

"लिवा, दुसऱ्या भागात तिला आना. मोटं काम नको. निसती दारातून घरात येताना दाखवा. बस."

मी लिहिलं. मग विचारलं, "शेठ, हे इंग्रजीत करायचंय का खरंच?"

ते मार्करचं टोपण उघडत-मिटत राहिले. "तिला वाचता येत नाय," ते म्हणाले. "आनि मना तोंडानं बोलवत नाय. दोनदा मोऱ्याला गेलो, जेट्टीवर उबा राहून परत आलो. टीचर, तुमी वाचून दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही मोऱ्याला गेलो. पारूबाय ओट्यावर सुपात सुकट निवडत होत्या. भावाला पाहून उठल्या नाहीत. हरिशेठ अंगणातच थांबले. मी ओट्याच्या कडेला टेकले आणि वहीतलं वाचायला लागले, 'डायरेक्टरसायेब'पासून शेवटपर्यंत. त्यांचे हात सुपात चालूच होते. मी साडीपाशी पोचले तेव्हा ते थांबले.

वाचून झालं. पारूबायनी भावाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो डायरेक्टर कोन?"

"सिनेमा काढतो. लांब असतो."

"त्याला सांग, हिरवी नवती. जांबली व्हती. आजून घडी मोडली नाय मी."

मी पिशवीतून सुमनताईंनी दिलेली लग्नाची पत्रिका काढून ओट्यावर ठेवली. पारूबायनी सुकटीचे हात पदराला पुसले, पत्रिका उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या हातात दिली.

"काय लिवलंय ते वाच," त्या म्हणाल्या. "सगलं वाच. एक अक्षर सोडू नको."

मी वाचायला लागले. गणपतीच्या नावापासून हॉलच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचलं, छापखान्याचं नावसुद्धा सोडलं नाही. हरिशेठ अंगणात उभ्यानं रडत होते आणि पारूबाय एकेका शब्दाला मान हलवत होत्या.