रस्त्यातलं खळं

माझी चांगुणाआत्या रोज सकाळी मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणारा मोठा रस्ता झाडायची. सगळा नव्हे, निम्मा. घराच्या पायरीपासून खराटा मारत निघायची, डांबरावर चढायची आणि मधला पांढरा पट्टा ओलांडून हातभर पुढे गेली की थांबायची. त्यापुढे कागदाचा कपटा जरी पडलेला दिसला, तरी त्याला खराटा लावायची नाही.

"त्यो माझा नाय," म्हणायची. "सरकारचा हाय. सरकारनी झाडावा."

झाडून झालं की सडा. पूर्वी ती शेणाचा सडा घालायची. त्यावरून एकदा एक मोटरसायकलवाला घसरून पडला. आत्याने त्याला ओटीवर बसवलं, गुडघ्याला हळद लावली, गूळपाणी दिलं आणि चपला घालून खळ्यात शिरल्याबद्दल झापझाप झापलं. तो बिचारा 'खळं कुठे आहे' म्हणून डांबराकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवसापासून सडा नुसत्या पाण्याचा झाला.

खळं होतं, हे मात्र खरं. आत्या लग्न होऊन या गावात आली, तेव्हा घरापुढे चार बैल गोल फिरतील एवढं सारवलेलं खळं होतं. भात तिथेच झोडायचं, नाचणी तिथेच वाळायची. खळ्याच्या कडेला हद्दीचा दगड, आणि दगडापलीकडे रस्ता. एक बैलगाडी आली तर दुसरीने थांबावं एवढाच. पुढे तो दोनदा रुंद झाला आणि दोन्ही वेळा आमच्याच बाजूला सरकला. खळं डांबराखाली गेलं. दगडही गेला. हे सगळ्या गावाला कळलं होतं. आत्यालाही कळलं असणार. पण तिने मान्य केलं नव्हतं.

तिचा हा हिशेब वाहनवाल्यांना हळूहळू पाठ झाला होता. जुन्नरकडून भाजी घेऊन निघालेले टेम्पो आमच्या घराआधी वेग कमी करत. एसटीचा एक ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून जाई. आत्या त्याला रामराम समजायची. नवखा कुणी काच खाली करून बोललाच, तर खराटा न थांबवता म्हणायची, "पाय झाडून ये, मग बोल." गाडीत बसलेला माणूस पाय कसे झाडणार, हा प्रश्न तिला पडत नसे.

मी हे सगळं ओटीवरून पाहायचो. शहापूरच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. नोकरी संपली आणि त्याच वर्षी माझी बायको गेली. आत्या आटगावच्या माझ्या घरी आली, बायकोबद्दल एक शब्द बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन रिकामे डबे वाजवून पाहिले आणि म्हणाली, "चार दिस चल माझ्याकडं. पुस्तकं घे पायजे तर. पन सकाली ओटीवर लोलायचं नाय." त्या चार दिवसांची दोन वर्षं झाली. रोज सकाळी मी चहाचा कप आणि पुस्तक घेऊन ओटीवर बसायचो. आत्या डांबरावर असेपर्यंत ना चहा घशाखाली उतरायचा, ना पान उलटायचं.

आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. गावात सगळे तिला काकी म्हणत आणि लांबूनच जात. रोज तिच्याशी बोलणारं माणूस एकच: रस्त्यापलीकडची बारकी.

पलीकडे कातकऱ्यांची वाडी आहे. कुडाची दहा-बारा घरं. जमीन सरकारी, त्यामुळे एकाच्याही घराचा कागद नाही. बारकीचं घर रस्त्याच्या सगळ्यांत जवळ. आत्याचा सडा पडला की ती कुडाबाहेर येऊन उभी राहायची आणि भांडण सुरू व्हायचं. विषय मामुली असत. तिच्या कोंबड्या इकडे आल्या, नाहीतर आत्याने दिलेले तांदूळ किडके निघाले. मध्ये ट्रक आला की दोघी थांबत. ट्रक गेला की अडलेल्या शब्दापासून पुढे. एकदा तर सिमेंटचे सहा ट्रक लागोपाठ गेले, आणि सहावा गेल्यावर बारकीने राहिलेली शिवी पूर्ण केली.

भांडून झालं की बारकी हातात काहीबाही घेऊन निघायची. कधी ओढ्यातल्या चिंबोऱ्या, कधी रानातली कंदमुळं. रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्याला हातभर बाकी असताना, येऊन थांबायची आणि विचारायची, "येव का गो?"

खळ्यात विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, ही वाडीला लागलेली जुनी सवय. ती कुणी आणि का लावली, हे सांगायला नको. खळं गेलं, पण सवय राहिली. दोन्हीकडून वाहनं येत असायची, बारकी उभीच. मग आत्या शांतपणे म्हणायची, "ये. पन पाय झाडून ये." बारकी डांबरावर उजवा पाय आपटायची, मग डावा, आणि यायची.

दिवाळी झाली की वाडी वीटभट्ट्यांवर जायची ती उन्हाळ्यात परतायची. ते सहा महिने आत्या बिघडलेली असे. ट्रकवाल्यांशी भांडून पाहायची; पण ते थांबत नसत.

गेल्या वर्षी रस्ता पुन्हा रुंद होणार अशी नोटीस आली. आताच्या रस्त्याच्या मध्यापासून दोन्हीकडे सारखं अंतर घेणार होते. आमच्या ओळीतल्या सात घरांच्या पडव्या आणि अर्ध्या ओट्या जाणार होत्या. पलीकडे नव्या रस्त्याची रेघ बारकीच्या कुडाला टेकून थांबत होती.

गाव खवळलं. विरोध करायला समिती झाली. तिचा म्होरक्या जनू. त्याचं रस्त्याकडेला चहाचं आणि पंक्चरचं दुकान, ते तर अख्खंच जात होतं. जनूचं म्हणणं चूक नव्हतं. दोन वेळा जागा आमचीच गेली, त्यामुळे आताचा मध्य खोटा. मोजायचं तर जुन्या मध्यापासून मोजा. तसं मोजलं तर रस्ता पलीकडे सरकत होता आणि आमची सातही घरं वाचत होती. पुरावा म्हणून जुन्या हद्दीचा दगड दाखवायला हवा होता. तो डांबराखाली नेमका कुठे आहे, हे आता एकाच माणसाला माहीत होतं. आजवर "म्हातारी गाडीखाली जाणार एक दिस" म्हणणारा जनू रोज संध्याकाळी आत्यासाठी स्वतः चहा घेऊन येऊ लागला.

हरकतीचा अर्ज मी लिहिला. गावात माझं अक्षर बरं. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी तो आत्याला वाचून दाखवला. ती सुपात तांदूळ निवडत होती. एका वाक्यावर तिचे हात थांबले.

"परत वाच."

मी वाचलं, "समोरील बाजूस पुरेशी मोकळी सरकारी जागा उपलब्ध आहे."

"मोकली म्हंजे?"

"म्हणजे तिथे कुणाचं काही नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग सुपातून एक खडा उचलून लांब फेकला. पुढचा अर्ज तिने ऐकला की नाही, ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं पुस्तकांत घालवली. आपण काय लिहिलंय हे मला त्या फेकलेल्या खड्यावरून कळायला लागलं. तरीही मी ते वाक्य खोडलं नाही. अर्जावर सात घरांच्या सह्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोजणीचे साहेब आले. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं: चालू रस्ता आहे, खोदायची परवानगी एकाच जागी. दगड निघाला तर मध्य सरकेल. नाही निघाला तर हरकत निकाली. दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली गेली. एरवी कधी न थांबणारा तो रस्ता गप्प झाला आणि दूरची कोंबडीसुद्धा ऐकू येऊ लागली. आमच्या बाजूला सगळं गाव. पलीकडे वाडी. वाडीला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांना सगळं माहीत होतं. बारकी कुडाला धरून उभी होती. त्या दिवशी ती भांडली नाही.

"आजी, दाखवा," साहेब म्हणाले.

आत्याने खराटा घेतला. पायरीपासून झाडत निघाली, रोजच्यासारखी, घाई न करता. डांबरावर चढली. मी मनात पावलं मोजत होतो. पांढरा पट्टा यायला अजून दोन पावलं होती, तिथे ती थांबली. खराट्याचं टोक जमिनीला लावलं.

"हितं."

जनू पुढे धावला. "काकी, हितं कसं? तू रोज पट्ट्याच्या पल्याड जातेस. मी सवता बघतो."

"तू कवा उठतोस रे सा वाजता?"

एवढ्या ताणातही लोक हसले. जनू हसला नाही. तो म्हणाला, "काकी, नीट आठव. सात घरं हायेत."

"आठवून सांगते. हितंच."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही इथेच राहता ना? रोज पाहत असाल. तुम्ही सांगा."

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. आत्या तेवढी बघत नव्हती. ती खराट्याच्या टोकाकडे बघत होती आणि ते टोक जरा जास्तच जोराने दाबत होती. पलीकडे बारकीही खाली मान घालून उभी होती. खळ्याची हद्द कुठे आहे, हे तिलाही माहीत होतं. रोज ती तिथेच तर थांबायची. म्हणजे नेमकी जागा त्या रस्त्यावर आम्हा तिघांना ठाऊक होती.

"माझं लक्ष पुस्तकात असतं," मी म्हणालो.

खोदलं. डांबर निघालं, खडी निघाली, खाली तांबडा मुरूम. दगड निघाला नाही. साहेबांनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि वाहनं सोडली. आमच्या पडवीच्या खांबावर लाल रंगाची फुली पडली. जनूच्या दुकानावर दोन पडल्या.

जनू जाताना एवढंच म्हणाला, "काकी, गावाची पडवी गेली तुझ्यापायी."

"म्हातारी झाले रे," आत्या म्हणाली. "इसरते."

ते खोटं नव्हतं असं मी म्हणणार नाही. सात घरांचं नुकसान झालं. त्यांतल्या कुणाशी आजही बोलताना माझी नजर खाली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या खराटा घेऊन निघाली. डांबरावर चढली, कालचा बुजवलेला खड्डा झाडला, पांढरा पट्टा ओलांडला आणि हातभर पुढे जाऊन थांबली. बोटभर अलीकडे नाही, बोटभर पलीकडे नाही.

परत आली तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो.

"बघतोस काय? तुझं लक्ष पुस्तकात असतं ना?"

मी विचारलं, पडवीचं वाईट नाही वाटलं? ती खराटा उभा करून पायरीवर बसली. समोर बारकी कोंबड्या सोडत होती.

"ती भट्टीवर जाते ते सा महिने मी कशी काढते, तुला ठाव नाय," आत्या म्हणाली. "कायमची गेली तर मी भांडू कोनाशी? तू तर बोलतच नाय."

मग उठली आणि पलीकडे ओरडली, "बारके, कोंबडी हिकडं आली तर कापीन गो."

"काप की," पलीकडून उत्तर आलं. "दात कुठं हायेत खायाला?"

गावाने नऊ महिने आत्याशी बोलणं टाकलं. या माघात ती गेली, थोड्याशा तापाने. तिरडीला पहिला खांदा जनूने दिला. वाडी तेव्हा भट्टीवर होती.

रस्त्याचं काम अजून सुरू झालेलं नाही. खांबावरची फुली उन्हाने फिकी झाली आहे. खराटा दाराशी आहे. मी रोज पायरीपर्यंत झाडतो. डांबरावर चढायचा धीर मला होत नाही.

वैशाखात वाडी परतली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ओटीवर होतो, तेव्हा बारकी कुडाबाहेर आली. तिला कळलं होतं, हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं. हातात पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं. रस्त्याच्या मधोमध आली आणि पट्ट्याला हातभर बाकी असताना थांबली. तिथे झाडलेलं नव्हतं, सडा नव्हता, काहीच नव्हतं. घाटाकडून एक टेम्पो हॉर्न वाजवत येत होता.

"येव का गो?"

टेम्पो तिला वळसा घालून गेला. ती हलली नाही. मी पुस्तक ठेवून पायरीवर आलो.

"ये," मी म्हणालो.

तरी ती उभीच. माझ्याकडे नव्हे, दाराशी टेकलेल्या खराट्याकडे बघत. मुरबाडच्या बाजूने एसटी दिसू लागली. काय राहिलं आहे, ते मला तेव्हा समजलं.

"पन पाय झाडून ये."

तिने उजवा पाय आपटला, मग डावा, आणि आली.