रुमालाखालची मोटार

मोटार विकत घेण्यापूर्वी सिद्रामप्पा अण्णा तिचे दात बघत. बॉनेट उचलायचे, आत डोके घालायचे आणि मग मालकाकडे वळून म्हणायचे, "वय झालंय की हो ह्याचं." मोटारीला ते कधी 'ती' म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी तो बैल होता.

'विकत घेण्यापूर्वी' हे शब्द मात्र जरा दुरुस्त करायला हवेत. अण्णांनी मोटार कधी विकत घेतलीच नव्हती. घेण्यापूर्वीची अवस्था त्यांनी बरीच वर्षे टिकवून धरली होती, आणि ती संपवण्याची त्यांना कसलीही घाई नव्हती.

अण्णांचा जन्म बैलबाजारात गेला. दुधनीकडून ते सोलापूरला आले, बाजारात दलाल म्हणून उभे राहिले आणि लोकांच्या जोड्या विकून देता देता शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी त्यांनी स्वतःचे घर बांधले. बैलाच्या अंगावरचा भोवरा लांबून बघून तो शुभ की अशुभ हे ते सांगत. वय झाल्यावर त्यांनी बाजार कमी केला. त्याच सुमारास गावात मोटारी वाढल्या. अण्णांनी कसब तेच ठेवले, जनावर बदलले.

स्टेशनच्या रस्त्याला करीमशेठचे जुन्या मोटारींचे दुकान होते. पत्र्याची शेड, एक बाक, आणि विकल्या जाण्याची वाट बघत उभ्या असलेल्या दोन-तीन मोटारी. यातली प्रत्येक मोटार एखाद्या गोऱ्या साहेबाची असे, आणि तो साहेब ती फक्त रविवारी चर्चला नेत असे. गावात इतके धार्मिक साहेब राहतात हे करीमशेठच्या दुकानाबाहेर कुणाला ठाऊक नव्हते.

रविवारी सकाळी अण्णा आंघोळ करून कपाळाला विभूती लावत, काठाचे धोतर नेसत, खांद्यावर रुमाल टाकत आणि दुकानाकडे निघत. वाटेत पेठेतली रिकामी माणसे मागे लागत. वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्याला रविवारी विशेष काम नसते, म्हणून मीही असे. अण्णा मोटार घेणार की नाही, हा पेठेत कायमचा प्रश्न होता आणि त्यावर पानसुपारीच्या पैजा लागत.

तपासणीचा क्रम ठरलेला होता. अण्णा मोटारीभोवती एक फेरी मारत. मागच्या बाजूला थाप मारून ती दचकते का ते बघत. पुढे येऊन दिव्याच्या काचेत निरखत. "डोळ्यात पाणी हाय ह्याच्या." पेट्रोल किती लागते हे ऐकल्यावर मान हलवत. "खाल्लेलं अंगी लागत न्हाय म्हणा की." शेवटी आवाज खाली आणून विचारत, "पहिल्या मालकानं का सोडलं ह्याला? मारकं हाय का?"

"अन्ना, मोटार कू कौन मारकी बोलता?" करीमशेठ म्हणे.

"न्हाय मारत, तर मग भोंगा कशाला लावलाय?"

यानंतर सौदा. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटे दाबून आकडे कळवतात. बघणाऱ्यांना फक्त चेहरे दिसतात. एकदा 'झालं' म्हटले की व्यवहार पुरा, मग माघार नाही. मोटारीचा सौदा दुसऱ्या कुठल्या रीतीने होत असेल हे अण्णांना मान्य नव्हते. करीमशेठने सुरुवातीला गंमत म्हणून हात दिला होता. पुढे त्याला ही बोटांची भाषा चांगली येऊ लागली, आणि नको असलेली भाषा येऊ लागली की माणूस जसा वैतागतो तसा तो वैतागू लागला.

कारण अण्णा जो आकडा दाबत तो कळताच विकणाऱ्याने हात झटकून टाकावा असाच असे.

"अन्ना, इस दाम में तो इसका भोंगा बी नईं आता."

"मग भोंगा काढून ठेवा. मला शांत जनावर पायजे."

हात सुटत, चहा येई, पुन्हा हात धरले जात. दुपार होईपर्यंत हे चाले. उन्हे तापली की अण्णा रुमाल झटकून खांद्यावर टाकत आणि "बघू की फुडल्या आयतवारी" म्हणून घरी येत. इतका समाधानी चेहरा मी मोटार विकत घेतलेल्या माणसाचाही पाहिलेला नाही.

हे असेच चालू राहिले असते. पण एका रविवारी दुकानात खरे गिऱ्हाईक आले.

गिऱ्हाईक म्हणजे एक वकील होते. बरोबर बायको होती आणि तिला एक हिरवी मोटार पसंत पडली होती. करीमशेठचे गोरा साहेब, चर्च वगैरे सांगून झाले होते. वकिलांनी खिशात हातही घातला होता. तेवढ्यात अण्णा पुढे झाले आणि कुणी विचारले नसताना मोटारीच्या मागच्या चाकावर थाप मारून म्हणाले, "मागच्या पायानं लंगडतंय हे. बाई, दिसायला लई देखणं हाय, पण संसाराला न्हाय."

वकिलांनी अण्णांचे आभार मानले आणि ते टांग्याने निघून गेले.

करीमशेठ थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग शांतपणे येऊन त्याने स्वतःच हात पुढे केला. "आओ अन्ना. हिरवी का सौदा करेंगे."

अण्णा खूश झाले. रुमाल पडला. अण्णांनी नेहमीप्रमाणे अशक्य असा आकडा दाबला आणि हात झटकला जाण्याची वाट पाहिली. हात झटकला गेला नाही.

"मंज़ूर," करीमशेठ म्हणाला.

"काय म्हणलास?"

"मंज़ूर बोला. झालं."

अण्णांचा हात अजून रुमालाखालीच होता. इतकी वर्षे ते एका गोष्टीवर विसंबून होते, की समोरचा नाहीच म्हणणार. आता हो म्हणावे तर मोटार गळ्यात पडणार. नाही म्हणावे तर बैलबाजारात त्यांच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालणार नव्हते. त्यांना एकच वाट उरली होती. बाजारात हात सुटेपर्यंत विकणाऱ्याने खोड लपवली तर सौदा मोडता येतो.

"खोड सांगितली न्हाईस तू," अण्णा म्हणाले.

करीमशेठही इतक्या वर्षांत बाजाराचे नियम शिकला होता. "सुनो. ठंडी में उठती नईं. चढाव पे बैठ जाती. बाएँ कू खिंचती. पानी बहोत पीती. और पहला मालिक साब-बीब कुछ नईं था, भाडे पे चलाता था. और बोलूँ?"

त्या शेडमध्ये इतके खरे एका दमात पूर्वी कधी बोलले गेले नसावे. अण्णांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "झालं."

रीत म्हणून त्यांनी मोटारीच्या दिव्यावर गुलाल लावला. करीमशेठचा ड्रायव्हर दस्तगीर याने ती पेठेत आणून उभी केली. लोकांना फार आनंद झाला. भाव कितीला ठरला हे दोघांनीही कुणाला सांगितले नाही. त्यामुळे पेठेत प्रत्येकाला तो ठाऊक होता आणि प्रत्येकाचा वेगळा होता.

पहिल्या दिवशी पेठ मोटार बघायला लोटली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. आठवडा संपेपर्यंत मोटारीच्या सावलीत फक्त एक शेळी बसू लागली. अण्णांना मोटार चालवता येत नसे, म्हणून दस्तगीर रोज सकाळी येऊन विचारी, "कहाँ चलना, अन्ना?" अण्णा म्हणत, "आज नको." मग ते बंद मोटारीत मागच्या गादीवर जाऊन बसत आणि जेवायच्या वेळी उतरत.

रविवार आला. अण्णांनी आंघोळ केली, विभूती लावली, धोतर नेसले, खांद्यावर रुमाल टाकला आणि कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून ते परत आले. मोटार असलेल्या माणसाला मोटारीच्या दुकानात काय काम?

त्याच्या पुढच्या रविवारी ते गेले. मागे मी एकटाच होतो. ज्या माणसाने मोटार घेतली आहे त्याच्यावर पैज लावण्यासारखे काही उरत नाही, म्हणून बाकीचे आले नाहीत.

करीमशेठने त्यांना बघितले आणि तो सावध झाला. "क्या अन्ना, खोड निकली? मैं सब बोला था."

"न्हाय. सांगितल्यासारखंच हाय सगळं." अण्णा बाकावर बसले.

"फिर?"

"काय न्हाय. आलो असाच."

करीमशेठने दुसऱ्या एका मोटारीची काच पुसायला घेतली. "गाडी लेके किदर गये?"

"कुटं जाऊ?"

"दुधनी जाओ. गाँव कू दिखाओ."

"तितं आता वळखीचं कोन हाय? भाऊ गेला. आक्का गेली."

"तो घर के लोगाँ कू घुमाओ."

"घरात मी हाय की," अण्णा म्हणाले.

करीमशेठचा हात काचेवर थांबला. शेडमध्ये एक गिऱ्हाईक मोटारीची गादी दाबून बघत होते. करीमशेठने त्याला उद्या यायला सांगितले आणि पत्र्याचे दार ओढून घेतले. रविवारी, भर धंद्याच्या वेळी, ते दार बंद झालेले मी प्रथमच पाहत होतो.

"चलो. मैं बैठता."

आम्ही पेठेत आलो. दस्तगीरने पुष्कळ वेळ हँडल मारल्यावर मोटार सुरू झाली. अण्णांनी स्वतः दार उघडून धरले. "हितं बस, करीम. ही बाजू मऊ हाय." मी पुढे दस्तगीरशेजारी बसलो. कुंभारी गावाच्या रस्त्याला लागल्यावर सोलापूर मागे पडले, ज्वारीची राने लागली. सौदा नसताना काय बोलायचे असते हे मागे बसलेल्या दोघांनाही ठाऊक नव्हते.

मग करीमशेठने विचारले, "भाबी का नाँव क्या था, अन्ना?"

"गंगव्वा." अण्णांनी रुमाल मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. "मोटारीत बसली असती का न्हाय, कुनाला ठावं. टांग्याला सुदिक भ्यायची."

"हमारी बी डरती. हात पकड के बैठती."

"व्हय," अण्णा म्हणाले. "तेवढं केलं असतं तिनं."