ठोंबरेदादांचं डावं स्पिंडल

ठोंबरेदादा कुणाला नमस्कार करीत नसत. समोरच्याचं मनगट धरून ते दोनदा डावीउजवीकडे हलवायचे आणि निकाल द्यायचे, "प्ले हाय." म्हणजे सांध्यात ढिलाई आहे. माझी त्यांची ओळख अशीच झाली. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर म्हणून नुकताच लागलो होतो. शेजारच्या क्वार्टरमधले हे फिटर पहिल्याच संध्याकाळी चहाला आले आणि माझं मनगट, आमची खुर्ची, दाराची बिजागरी आणि शेवटी माझ्या सासऱ्यांची कवळी, सगळ्यांचा निकाल लावून गेले. सगळीकडे प्ले होता. सासरे त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. त्याबद्दल मी दादांचा आजही ऋणी आहे.

लग्नाला गेले तरी वधूवरांच्या आधी ते मांडवाचे खांब बघत. खालापूरच्या एका लग्नात त्यांनी असाच एक खांब हलवला आणि मांडवाची ती बाजू सरळ वरमाईच्या अंगावर आली. एकच पळापळ झाली. दादा मात्र कृतार्थ चेहऱ्याने उभे. "बोललो नवतो? प्ले हाय!" त्यांनी हलवला नसता तर खांब उभाच राहिला असता, हे त्यांना पटवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

अशा माणसाचा जीव जडला होता तो कॉलनीतल्या सर्वांत खिळखिळ्या वस्तूवर. क्लबसमोर आमच्या क्वार्टरांपर्यंत पसरलेली मोठी हिरवळ होती, तिच्या घराकडच्या टोकाला एक आंब्याचं झाड, आणि तिथलं गवत कापायला गोऱ्या साहेबाच्या वेळचा एक बुटका ट्रॅक्टर होता. त्याच्या पोटाखाली मोठ्या परातीसारखं पत्र्याचं झाकण आणि झाकणाखाली गरगर फिरणारी तीन पाती. प्रत्येक पातं ज्या दांड्यावर फिरतं त्याला स्पिंडल म्हणायचं आणि दांडा ज्या पितळी नळीत बसतो तिला बुश. ही तीनही स्पिंडलं झिजली होती. सुटे भाग विलायतेहून यायचे ते कधीच बंद झालेले. डावं तर असं खडखडायचं की क्लबात पत्ते खेळणारे हातातली पानं टाकून कानात बोटं घालत.

दादा दर रविवारी स्वतःच तो चालवत. दुसऱ्या कुणाला सीटवर बसू देत नसत. दसऱ्याला त्याची साग्रसंगीत पूजा व्हायची आणि तिन्ही पात्यांना झेंडूच्या माळा बांधल्या जायच्या. मग माळा तशाच ठेवून दादा मशीन सुरू करत, कारण पूजा केलेलं यंत्र त्या दिवशी चालवायलाच हवं! माळेचा दोरा स्पिंडलभोवती घट्ट गुंडाळला जायचा, आत घुसायचा, ग्रीस बाहेर यायचं. पुढे महिनाभर दादा बुश का झिजतो याचा शोध घेत. पुढच्या दसऱ्याला पुन्हा माळा. मी एकदा भीत भीत कारण सुचवलं, तर म्हणाले, "देवाच्या दोऱ्यानं काय व्हत नाय रं. तुज्या स्टोअरचा ग्रीसच भेसळीचा हाय."

दादांच्या घरी काकी. मूलबाळ नव्हतं. काकींची नजर हळूहळू गेली होती, पण त्या सगळं घर हाताच्या अंदाजाने सांभाळत. दादांचं घरातलं बोलणं म्हणजे "हिकडं ये", "तितं पायरी हाय", "कपाट उघडं का ठेवलंस?" एवढंच. प्रेमाने बोलल्याचा गुन्हा त्यांच्यावर कधीच शाबीत झाला नसता. आम्हाला कोडं एकाच गोष्टीचं. रविवारी दादा ट्रॅक्टरवरून उतरून ओट्यावर पाय ठेवायचे आणि त्याच क्षणी काकी उकळता चहा कपात ओतत असायच्या. घड्याळ तर त्यांना दिसत नव्हतं.

अशात कारखान्याला नवे साहेब आले. मुंबईचे पाहुणे हिरवळीवर चहाला यायचे होते. साहेबांनी दादांना बोलावून सांगितलं, "हा खडखडाट बंद झाला पाहिजे. नाहीतर मशीन भंगारात जाईल आणि गवत कापायला विळेवाल्या बायका लावू."

दादांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस त्यांनी कुणाचं मनगट हलवलं नाही. मग ते कामाला लागले. झाकण उतरवलं, झिजलेले दांडे वेल्डिंगने भरून लेथवर मापात उतरवले, पितळेचे नवे बुश कातले. पात्याचं टोक धरून हलवायचं, नाक मुरडायचं आणि पुन्हा खोलायचं, असं चाललं होतं. अखेर एका संध्याकाळी ते जुने बुश भंगारात टाकायला माझ्याकडे घेऊन आले. "ये, हलवून बघ," म्हणत त्यांनी मला मशीनपाशी नेलं.

मी पातं हलवलं. ते जागचं ढळलं नाही.

"बघितलास? प्ले नाय!" दादांचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं. का, ते विचारू नका. पात्याचं टोक धरून रडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रविवारी मशीन चाललं. नुसतं इंजिनाचं फटफट, खडखड नावाला नाही. पत्ते खेळणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा राजासारखे बसले होते. ते हिरवळीच्या टोकाला वळले, तेवढ्यात क्वार्टरच्या पायऱ्यांवरून काकी उतरल्या. अनवाणी, काठी घरातच राहिलेली, दोन्ही हात पुढे करून त्या थेट हिरवळीत धावत सुटल्या. "अवो! अवो, कुटं पडलाव?"

दादांनी उडीच मारली. इंजिन तसंच चालू राहिलं.

"हितं हाय मी! तुला कुनी सांगितलं बाहेर यायाला? पात्यात पाय गेला असता म्हंजे?"

काकींनी त्यांचा शर्ट मुठीत धरला होता. "इंजिन चालतंय आनि पाती बोलंनात. मला वाटलं, तुमी मशीनखाली आलाव." मग म्हणाल्या, "डावं पातं बोलतंय तवर मला कळतं तुमी कुटं हाव ते. आंब्याकडं वळलाव का मी च्या टाकते."

एवढ्या लोकांदेखत दादांनी काकींचा हात धरला आणि त्यांना घरी नेलं. त्या दिवशी अर्धी हिरवळ तशीच राहिली.

उरलेली हिरवळ सोमवारी कापून झाली. मग पाहुणे आले, मशीनचं कौतुक झालं, साहेब खूश. दुसऱ्या दिवशी दादा स्टोअरच्या दारात. "भाऊ, तो डावा जुना बुश दे."

"दादा, साहेबांनी ऐकलं तर मशीन भंगारात जाईल."

"सायब रविवारी मुंबईला असतो. सोमवारी नवा बशिवतो."

"आणि पातं निसटलं तर?"

"निसटल कसं? दांडा नवा हाय. फकस्त बोलल."

भंगाराच्या पेटीतून मी बुश काढून दिला. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि खिशात घातला.

तेव्हापासून ते दर शनिवारी जुना बुश बसवत आणि सोमवारी कामावर जाण्याआधी नवा. रविवारी सकाळी मी अंगणात पेपर वाचत बसायचो. हिरवळीवर डावं पातं खडखडायचं, क्लबातले लोक शिव्या घालायचे. आवाज आंब्याकडे वळला की शेजारच्या घरात स्टोव्ह पेटायचा.

एकदा दादा उतरून ओट्याकडे येताना मी कुंपणावरूनच त्यांना डिवचलं, "काय दादा, प्ले आहे!"

आतून कपात चहा ओतल्याचा आवाज आला. दादा पायरीवर थांबले.

"हाय," म्हणाले. "असू दे."