बॉय बँडचं पॅनेल

नगर रस्त्यावरच्या चौकात दिग्विजयने स्वतःचा फ्लेक्स पाहिला आणि स्कूटर बाजूला घेतली. मागे बसलेल्या ऋषीला वाटलं, पेट्रोल संपलं. मग त्यानेही वर पाहिलं.

फ्लेक्सवर ते चौघे होते. दिग्विजय, ऋषी, विश्वजीत आणि संजय, म्हणजे ‘बाल्कनी बॉईज’ हा अख्खा बँड. चेहरे त्यांचेच होते, पण मानेखाली चौघांच्याही अंगात पांढरेशुभ्र कुर्ते होते आणि हात जोडलेले होते. वर लाल अक्षरांत ‘नव्या दमाचे चार शिलेदार येत आहेत आपल्या भेटीला’, मध्ये रविवारची वेळ आणि मंगल कार्यालयाचं नाव, आणि खाली शुभेच्छुक म्हणून भावकीतले झाडून सगळे पुरुष, गॉगल लावून. ‘जरा थांब ना’ हे अल्बमचं नाव मात्र कोपऱ्यात विजेच्या खांबामागे गेलं होतं.

“माझ्या गळ्यात उपरणं आहे,” ऋषी म्हणाला. “मुंजीनंतर पहिल्यांदाच.”

हे कसं झालं ते सांगायला हवं. दिग्विजयचे वडील हिंमतराव यांचा वाघोलीत खडी-वाळूचा मोठा डेपो होता आणि एकुलत्या एका मुलाने तिथे बसावं एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगा मात्र वर्षभर सदाशिव पेठेत ऋषीच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून गाणी रेकॉर्ड करत होता. शेवटी बापलेकात तह झाला. अल्बमच्या पहिल्या कार्यक्रमाला मंगल कार्यालय भरलं, आणि भरलेलं शेवटपर्यंत बसून राहिलं, तर पोराने खुशाल गावं. नाहीतर सोमवारी सकाळी डेपोवर हजर. आपण यात काहीही मदत करणार नाही, असंही हिंमतरावांनी बजावलं होतं. पण बायको मुक्ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, तेव्हा ते विरघळले आणि त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. “पोराचा कार्यक्रम हाय. चार पोरं हायेत. झकास लावून टाक,” एवढंच ते बोलले. फ्लेक्सवाल्याकडे बँडचा फोटो गेला होता, पण त्यात चौघांनी फाटक्या जीन्स घातल्या होत्या आणि चौघे चार दिशांना बघत होते. असला फोटो चौकात बरा दिसत नाही, म्हणून त्या भल्या माणसाने आपल्याकडचे तयार कुर्ते चढवले. वाढदिवस असो की दशक्रिया, त्याच्याकडे कुर्ते हेच होते.

एरवी गावाने हसून सोडून दिलं असतं. पण महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं. एका प्रभागातून चार जण निवडून द्यायचे होते आणि इथे चार जण हात जोडून उभे होते. दुपारपर्यंत वाघोलीत बातमी पसरली की हिंमतरावांनी पोरांचं अख्खं पॅनेल उतरवलंय.

पहिल्या आल्या त्या शेजारच्या सोसायटीतल्या इंदुबाई. रिकामी कळशी घेऊनच आल्या होत्या.

“टँकर बंद होऊन नळाला पाणी कधी येणार, तेवढं सांगा.”

“मावशी, आम्ही गाणी म्हणतो,” दिग्विजय कळवळून म्हणाला.

“सगळेच म्हणतात. आमच्या नळाचं बोला.”

“खरंच हो, आमचा अल्बम येतोय.”

“येऊ द्या. रविवारी सगळ्या बायकांना घेऊन येते, तिथंच काय ते बोलू.” कळशी त्याच्यापुढे एकदा वाजवून त्या निघून गेल्या.

संध्याकाळी चौघे दिग्विजयच्या घराच्या गच्चीवर जमले. विश्वजीतला हिंजवडीच्या ऑफिसात मॅनेजरने खोलीत बोलावून विचारलं होतं की राजीनामा कधी देतोस. संजय मूळचा यवतमाळचा, शिकायला वाघोलीत राहिलेला. त्याच्या घरमालकाने तर भाडं वाढवायचं पुढे ढकललं होतं. “मले तं हे बरं वाटून रायलं बाप्पा,” तो म्हणाला. ऋषीच्या मावशीचा फोन आला होता. ‘गाता येत नाही हे लक्षात आलं हे उत्तम, पण लगेच राजकारणात जायची गरज नव्हती,’ एवढं बोलून त्यांनी तो ठेवला होता.

“फ्लेक्स उतरवूया,” विश्वजीत म्हणाला.

“मग कार्यक्रमाला कोण येईल? तुझा मॅनेजर?” ऋषीने विचारलं. तेवढ्यात खाली गाड्या थांबल्याचा आवाज आला.

गावचे जुने पुढारी भैरूअण्णा आले होते. प्रभागातल्या चारही जागा आपल्याच माणसांच्या, असं ते धरून चालले होते. हिंमतरावांच्या दारात ते आजवर कधी आले नव्हते. आज सोबत पेढे होते.

“हिंमतराव, इतकी वर्षं आपला घरोबा. सांगायचं तरी.”

“काय सांगायचं?” हिंमतराव खरंच गोंधळले होते.

“म्हणजे तुम्ही कच्चे न्हाई.” भैरूअण्णांनी खुर्ची जवळ ओढली. “चारी जागा घेऊन काय करता? दोन तुमच्या, दोन आमच्या. पोरं अजून लहान हायेत.”

हिंमतरावांच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. “अहो, ती पोरं नुसती गा...” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण पुढचं वाक्य बाहेर आलं नाही. ज्या माणसाच्या ओट्यावर आपण कामासाठी कितीदा ताटकळलो, तो आज आपल्याच दिवाणखान्यात पेढे घेऊन बसलाय, हे दृश्य त्यांना मोडवेना. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “बघू. रविवारी कळंल.”

भैरूअण्णा गेले ते ठरवूनच. रविवारी आपली पन्नास-साठ पोरं हॉलमध्ये घुसवायची आणि सभा उधळून लावायची.

रविवारी सहा वाजता मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे इंदुबाई आणि त्यांच्या सोसायटीतल्या बायका, मध्ये खड्ड्यांनी पाठ धरलेले रिक्षावाले, मागे भैरूअण्णांची पोरं शिट्ट्या खिशात घालून, आणि पहिल्या रांगेत सोफ्यावर खुद्द भैरूअण्णा. त्यांच्या शेजारी हिंमतराव इस्त्रीच्या कुर्त्यात ताठ बसले होते. दिग्विजय पडद्याच्या फटीतून बघत होता. हॉल भरला होता, पण त्यातला एकही माणूस गाणं ऐकायला आलेला नव्हता. पहिल्या कडव्याला हे सगळे उठले की उद्या सकाळी खडी.

पडदा उघडला. फाटक्या जीन्समधली चार पोरं पाहून हॉलभर कुजबुज सुरू झाली.

“भाषण सुरू करा!” मागून कोणीतरी ओरडलं.

“पाण्याचं बोला आधी!” इंदुबाई उठून उभ्या राहिल्या.

दिग्विजयने माइक हातात घेतला. गाणं सुरू करायचं ठरलं होतं, पण समोर इतकी माणसं कामधाम सोडून आशेने बसलेली पाहून त्याला राहवेना. त्याला मनापासून वाईट वाटलं.

“ऐका ना,” तो म्हणाला. “आम्ही उभे नाही आहोत. म्हणजे, निवडणुकीला. आम्हाला पाणी आणता येत नाही. खड्डे बुजवता येत नाहीत. तो फ्लेक्स चुकलाय. आम्हाला फक्त गाणी येतात, आणि तीही कशी येतात ते आज कळेल. ज्यांना जायचं असेल त्यांनी जा, आम्हाला राग नाही.”

सोफ्यावर हिंमतरावांनी डोळे मिटले. भैरूअण्णांनी मात्र इतका मोठा श्वास सोडला की मागच्याने पंख्याकडे पाहिलं. खुर्च्या सरकायला लागल्या. रिक्षावाल्यांची रांग उठली. पण इंदुबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या मागे वळल्या आणि कडाडल्या.

“बसा खाली! इतकी वर्षं या स्टेजवर आलेला प्रत्येक जण म्हणाला, मी पाणी आणतो. पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की येत नाही. खरं बोललाय बिचारा. एक गाणं तरी ऐका!” मग पुढे वळून म्हणाल्या, “म्हण रे बाळा. पण मोठ्यानं.”

संजयने ढोलकीवर थाप दिली, विश्वजीतने गिटार छेडली आणि ‘जरा थांब ना’ सुरू झालं. पहिल्या कडव्याला लोक नुसते बघत होते. दुसऱ्याला बायकांनी ताल धरला. ऋषीने वरचा सूर लावला, जो त्या गोधड्यांच्या खोलीत त्याला कधीच नीट लागला नव्हता, आणि तो लख्ख लागला. तिसऱ्या गाण्याला भैरूअण्णांच्या पोरांनी शिट्ट्या बाहेर काढल्या. त्या सभा उधळायला आणल्या होत्या हे ती विसरली होती. पाचव्या गाण्याला ती खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती आणि भैरूअण्णा “अरे, ए, खाली उतर!” म्हणून हाका मारत होते. ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. अल्बमची नऊच्या नऊ गाणी झाली. “वन्स मोअर!” हॉल दणाणला. इंदुबाई शेजारणीला विचारत होत्या, हे फोनवर कुठं सापडतं. दिग्विजयचे डोळे भरून आले होते. डेपो सुटला होता.

हिंमतराव स्टेजवर चढले ते फक्त आभार मानायला. त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली, माइक घेतला आणि समोर पाहिलं. डोकीच डोकी. सगळी आपल्याकडे बघताहेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात भरलेला हॉल आला होता, आणि तो त्यांना सोडवेना.

“मंडळी,” ते म्हणाले, “पोरं उभी न्हाईत. पण मी हाय!”

भैरूअण्णा सोफ्यावरून अर्धे उठले. बायकांत बसलेल्या मुक्ताईंनी कपाळाला हात लावला. “पोराचा नाद सुटायची हे वाट बघत होते,” त्या पुटपुटल्या, “तर ह्यांनाच लागला.”

हिंमतरावांनी भाषणाला सुरुवात केली. त्यांनी पणजोबांपासून धरलं. आजोबांची विहीर झाली, वडिलांची बैलजोडी झाली, मग खडीचे प्रकार आले. रिक्षावाल्यांना घरं आठवली. भैरूअण्णांची पोरं खुर्च्यांवरून उतरून दाराकडे निघाली. इंदुबाईंनी पिशवी उचलली. बघता बघता मागच्या रांगा उघड्या पडल्या, पुढच्याही हलायला लागल्या. हिंमतरावांचा आवाज चढत गेला तशी माणसं भराभर उठत गेली. त्यांना घाम फुटला. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि मागे वळले.

“दिग्या,” ते काकुळतीने म्हणाले, “बघतोस काय? गा की लवकर!”

दिग्विजयने वडिलांच्या हातातून माइक हळूच काढून घेतला. पहिला सूर लागला तशी दारातली माणसं थांबली आणि परत येऊन बसायला लागली.